भूक, लठ्ठपणा आणि मूत्रपिंड: मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी उंदरांच्या मेंदूतल्या आणि मूत्रपिंडातल्या पेशींवर काम करते. भूक आवरते कशी आणि मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी का होतात, हे माझे दोन विषय. व्याख्यान संपल्यावर, ईमेलमधून, कधी प्रवासात शेजारी बसलेल्या माणसाकडून तेच प्रश्न येतात आणि दर वेळी उत्तर अर्ध्यावर राहतं. म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. ज्यांच्या घरात यातला एखादा आजार आहे त्यांनी प्रयोगांचा भाग सोडून थेट माणसांबद्दलच्या प्रश्नांकडे गेलं तरी चालेल.

भूक आणि मूत्रपिंड यांचा एकमेकांशी संबंध तरी काय?

संबंध दोन आहेत, आणि ते वेगवेगळे धरले नाहीत तर पुढे सगळा गोंधळ होतो.

पहिला सरळ आहे. वजन फार वाढलं की मूत्रपिंडावर भार येतो आणि वर्षानुवर्षं तो भार तसाच राहिला की मूत्रपिंड झिजतं. दुसरा संबंध सहज लक्षात येत नाही. काही माणसांत भुकेचा आवर सुटणं आणि मूत्रपिंड बिघडणं या दोन्ही गोष्टी एकाच मुळातून येतात. तिथे एकामुळे दुसरं होत नाही. पेशीच्या पृष्ठभागावर एक अतिसूक्ष्म केस असतो, तो बिघडतो. आणि तो केस मेंदूतल्या पेशींवरही असतो, मूत्रपिंडातल्या पेशींवरही.

माझं काम या दुसऱ्या संबंधावर आहे. कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे सोडवण्यातच त्यातला बराचसा वेळ जातो.

हा 'केस' म्हणजे नेमकं काय?

त्याचं नाव प्रायमरी सिलियम. मराठीत सिलियाला 'पक्ष्माभिका' म्हणतात. शब्द सुंदर आहे, पापणीच्या केसांवरून आलेला. पण प्रयोगशाळेत आम्ही सगळे सिलियमच म्हणतो, म्हणून इथेही तेच.

श्वासनलिकेतले सिलिया पुष्कळांना माहीत असतात. एका पेशीवर शेकडो असतात, सारखे हलतात आणि कफ वर ढकलतात. प्रायमरी सिलियम निराळा. एका पेशीवर तो एकच असतो आणि हलत नाही. त्याच्या आत सूक्ष्मनलिकांच्या नऊ जोड्या गोलाकार उभ्या असतात. हलणाऱ्या सिलियमच्या मधोमध आणखी दोन नलिका असतात, त्या याच्यात नसतात. लांबी काही मायक्रोमीटर, जाडी पाव मायक्रोमीटरच्या आसपास. डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत असे दोन-अडीचशे सिलियम शेजारी शेजारी मावतील.

पेशी विभागायची वेळ आली की ती सिलियम आवरून घेते आणि विभागणी झाली की पुन्हा उभारते. त्याच्या आवरणातली प्रथिनं पेशीच्या बाकीच्या आवरणापेक्षा वेगळी असतात. बुंध्याशी एक प्रकारचा पहारा असतो, आत कोण जाणार आणि बाहेर कोण येणार ते तिथे ठरतं. त्याला 'पेशीचा अँटेना' म्हणायची पद्धत आहे. मला ती उपमा अपुरी वाटते. अँटेना फक्त संकेत पकडतो. सिलियम आलेल्या संकेताचं पुढे काय करायचं, हेही बऱ्याच अंशी तिथल्या तिथे ठरवतो.

तुम्हाला तो दिसतो कसा?

मेंदूचा काप घ्यायचा, केसाच्या निम्म्या जाडीचा. चेतापेशींच्या सिलियमवर अॅडेनिलिल सायक्लेज ३ नावाचं प्रथिन असतं. त्यालाच चिकटेल अशी अँटिबॉडी कापावर घालून तो रात्रभर थंडीत ठेवायचा. सकाळी धुऊन दुसरी अँटिबॉडी घालायची, तिला चमकणारा रंग जोडलेला असतो. पेशींच्या केंद्रकांना निळा रंग द्यायचा. मग अंधाऱ्या खोलीत कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकासमोर बसायचं.

काळ्या पडद्यावर निळे गोळे दिसतात आणि जवळपास प्रत्येकाला खेटून एक हिरवी रेघ, स्वल्पविरामासारखी किंचित वाकलेली. फोकस जरा खाली-वर केला की काही रेघा विरतात, दुसऱ्या उगवतात. ज्या उंदरात आम्ही सिलियम नाहीसे केलेले असतात त्याचा काप लावला की निळे गोळे तितकेच, तसेच. रेघा तेवढ्या नाहीत. पेशी मेलेल्या नसतात, विस्कटलेल्याही नसतात. आणि वजनाच्या वहीत बघावं तर तोच उंदीर आपल्या सख्ख्या भावंडापेक्षा कितीतरी जड. हा फरक मी अनेकदा पाहिला आहे, तरी दर वेळी पडद्यासमोरून उठवत नाही.

इतकी महत्त्वाची गोष्ट इतकी वर्षं कुणाला दिसली कशी नाही?

दिसली होती. कार्ल झिमरमन यांनी १८९८ मध्ये मूत्रपिंडाच्या नलिकांमधल्या पेशींवर हा केस पाहिला, त्याचं चित्र काढलं आणि तो संवेदनेसाठी असावा असा तर्कही मांडला. प्रायमरी सिलियम हे नाव १९६८ मध्ये सर्गेई सोरोकिन यांनी रूढ केलं. मधल्या काळात आणि त्यानंतरही बहुतेकांनी तो उत्क्रांतीत मागे राहून गेलेला, निरुपयोगी अवशेष मानला.

मूत्रपिंडाशी त्याचा संबंध कसा कळला?

एका शेवाळामुळे. ही हकिकत मला फार जवळची आहे, म्हणून जरा लांबवते.

क्लॅमिडोमोनास हे एकपेशीय हिरवं शेवाळ. त्याला पोहण्यासाठी दोन कशाभिका असतात, म्हणजे लांब सिलियाच म्हणा ना. १९९३ मध्ये येल विद्यापीठात जोएल रोझेनबॉम यांच्या प्रयोगशाळेत कीथ कोझमिन्स्की या विद्यार्थ्याला त्या कशाभिकेच्या आत कणांची ये-जा दिसली. बुंध्याकडून टोकाकडे आणि टोकाकडून बुंध्याकडे, सतत. सिलियममध्ये प्रथिनं तयार होत नाहीत, त्यामुळे लागणारा सगळा माल बुंध्याकडून वाहून न्यावा लागतो. या वाहतुकीची यंत्रणा ज्या प्रथिनांनी बनते ती एकेक करून शोधली गेली.

दुसरीकडे अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीत उंदरांचा एक वाण तयार झाला होता. त्याची मूत्रपिंडं गाठींनी भरून जात. कोणतं जनुक बिघडलं आहे हे १९९४ मध्ये कळलं, पण ते जनुक करतं काय याचा पत्ता नव्हता. २००० मध्ये ग्रेगरी पॅझूर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की शेवाळाच्या वाहतूक यंत्रणेतलं एक प्रथिन आणि या उंदरांत बिघडलेलं प्रथिन हे एकच आहे, आयएफटी८८. त्या उंदरांच्या मूत्रपिंडातले सिलिया पाहिले तर ते आखूड, खुरटे निघाले. त्याच सुमाराला, १९९९ मध्ये, मॉरीन बार आणि पॉल स्टर्नबर्ग यांना एका सूक्ष्म कृमीमध्ये माणसाच्या पॉलिसिस्टिक किडनीच्या, म्हणजे मूत्रपिंडं गाठींनी भरून जाणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या, प्रथिनाचं भावंड सापडलं होतं. कुठे? सिलियम असलेल्या चेतापेशींत.

शेवाळ, कृमी आणि उंदीर यांचे धागे एका ठिकाणी आले. शेवाळाच्या शेपटीवर पैसा कशाला खर्च करायचा, असं मला कुणी विचारलं की मी हीच हकिकत सांगते.

मग मूत्रपिंडात सिलियम करतो तरी काय?

इथे वाद आहे आणि तो खरा वाद आहे. नलिकेतून मूत्र वाहतं, त्या प्रवाहात सिलियम उभा असतो. २००१ मध्ये हेले प्रेटोरियस आणि केनेथ स्प्रिंग यांनी पेशीवरचा सिलियम वाकवला आणि पेशीत कॅल्शियम वाढताना पाहिलं. प्रवाह मोजणारं यंत्र, अशी त्यावरून कल्पना रुजली. पाठ्यपुस्तकांत गेली. २०१६ मध्ये मार्कस डेलिंग आणि सहकाऱ्यांनी थेट सिलियमच्या आतलं कॅल्शियम मोजलं. सिलियम वाकवला तरी ते वाढेना.

मधे २०१३ मध्ये आणखी एक कोडं समोर आलं. पॉलिसिस्टिन, म्हणजे पॉलिसिस्टिक किडनीत बिघडणारी प्रथिनं, गेली की गाठी वाढतात. पण पॉलिसिस्टिनबरोबर सिलियमही काढून टाकला, तर उंदरांत गाठींची वाढ उलट मंदावते. म्हणजे सिलियममधून गाठी वाढवणारा काहीतरी संकेत निघतो आणि पॉलिसिस्टिन त्याला आवरून धरतं. तो संकेत पकडायच्या मागे अनेक प्रयोगशाळा आहेत.

वयाचाही मोठा हात असतो. पॉलिसिस्टिन-१ चं जनुक उंदराच्या जन्मानंतर तेराव्या दिवसाआधी बंद केलं तर तीन आठवड्यांत मूत्रपिंड गाठींनी भरतं. चौदाव्या दिवसानंतर बंद केलं तर गाठी दिसायला पाच महिने लागतात. एका दिवसाचा फरक! मूत्रपिंडाची वाढ त्या दिवसांत एक टप्पा ओलांडते आणि त्यानंतर ते तेवढं नाजूक राहत नाही.

आता भुकेकडे येऊ. भूक कोण ठरवतं?

मुख्यतः मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस. १९४० मध्ये हेदरिंग्टन आणि रॅन्सन यांनी उंदराच्या हायपोथॅलॅमसच्या एका भागाला इजा केली आणि उंदीर प्रचंड लठ्ठ झाले. १९५१ मध्ये बालकृष्ण आनंद आणि जॉन ब्रोबेक यांनी येलमध्ये त्याच्याच बाजूच्या भागाला इजा केली, तर उंदरांनी खाणंच सोडलं. हेच डॉ. आनंद पुढे दिल्लीच्या एम्समध्ये शरीरक्रियाशास्त्राचे प्रमुख झाले.

पण शरीरात चरबी किती साठली आहे, हे मेंदूला कळतं कसं? डग्लस कोलमन यांनी अमेरिकेतल्या बार हार्बरच्या जॅक्सन लॅबोरेटरीत याचा छडा लावला. लठ्ठ उंदरांचे दोन वाण होते, 'ओबी' आणि 'डीबी'. दिसायला सारखेच. कोलमननी दोन उंदरांचा रक्तप्रवाह एकमेकांना जोडला. ओबीला सामान्य उंदराशी जोडलं, तर ओबीचं खाणं कमी झालं. डीबीला सामान्य उंदराशी जोडलं, तर सामान्य उंदीर खाईना आणि उपासमारीने मेला. डीबीला ओबीशी जोडलं, तर ओबी मेला. त्यांनी अनुमान काढलं की 'आता पुरे' सांगणारा एक पदार्थ रक्तात फिरतो. ओबीत तो तयारच होत नाही. डीबीत तो भरपूर असतो, पण ऐकणारं कुणी नसतं.

तो पदार्थ १९९४ मध्ये रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला सापडला. लेप्टिन. चरबीच्या पेशींतूनच स्रवणारं संप्रेरक. कोलमन यांचं अनुमान अक्षरशः खरं ठरलं. २०१० मध्ये दोघांना मिळून लास्कर पुरस्कार मिळाला.

सिलियम काढून टाकला तर भुकेचं काय होतं?

२००७ मध्ये अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम इथल्या ब्रॅडली योडर यांच्या गटाने प्रौढ उंदरांतले सिलिया नाहीसे केले. मूत्रपिंडात गाठी येणार, हे अपेक्षितच होतं. त्या आल्याही, सावकाश. अपेक्षित नव्हतं ते हे की उंदीर लठ्ठ झाले.

का झाले? चयापचय मंदावला म्हणून, की खाणं वाढलं म्हणून? याचा निकाल लावणारी पद्धत फार साधी आहे आणि मला ती फार आवडते. सिलियम नसलेल्या उंदराला मोजून तेवढंच खायला द्यायचं, जेवढं त्याचं निरोगी भावंड खातं. तसं केलं तर वजन वाढलं नाही. म्हणजे शरीर ऊर्जा चुकीची वापरत नव्हतं. उंदीर थांबत नव्हता, एवढंच. मग संशोधकांनी फक्त पीओएमसी चेतापेशींमधले, म्हणजे पोट भरल्याचा संदेश पुढे देणाऱ्या पेशींमधले सिलिया काढले. त्या मूठभर पेशींपुरतं केलं तरी उंदीर जास्त खाऊ लागले आणि लठ्ठ झाले.

म्हणजे सिलियम नसला की लेप्टिन ऐकू येत नाही, असंच ना?

असंच सगळ्यांना वाटलं होतं. लठ्ठ झालेल्या या उंदरांच्या रक्तात लेप्टिन भरपूर होतं आणि बाहेरून आणखी दिलं तरी त्यांचं खाणं कमी होत नव्हतं. निष्कर्ष सरळ वाटत होता.

पण २०१३ मध्ये त्याच परंपरेतल्या संशोधकांनी, निकोलस बर्बारी आणि सहकाऱ्यांनी, उंदीर लठ्ठ होण्याआधीच तपासले. सिलियम नव्हता, वजन अजून सामान्य होतं, आणि लेप्टिन दिल्यावर त्यांनी खाणं कमी केलं. लेप्टिन त्यांना नीट ऐकू येत होतं! लेप्टिनला दाद न देणं हा लठ्ठपणाचा परिणाम होता, कारण नव्हे. सिलियमचं काम दुसरंच काहीतरी होतं.

विद्यार्थ्यांना मी हा शोधनिबंध सगळ्यात आधी वाचायला देते. आजारी प्राण्यात जे जे बिघडलेलं दिसतं, त्यातलं आधी काय बिघडलं हे विचारायची सवय त्यातून लागते.

मग भुकेच्या साखळीत सिलियम नेमका कुठे बसतो?

लेप्टिनच्या एक-दोन पायऱ्या पुढे. लेप्टिन पीओएमसी पेशींना चेतवतं, त्या पेशी मेलॅनोकॉर्टिन संप्रेरक सोडतात, आणि ते पुढच्या चेतापेशीवरच्या एमसी४आर या ग्राहकाला, म्हणजे संदेश झेलणाऱ्या प्रथिनाला, भिडतं. ग्राहक चेतला की खाणं थांबतं. शेजारच्याच एजीआरपी पेशी त्याच ग्राहकाला दाबून ठेवतात, तेव्हा भूक लागते.

२०१८ मध्ये क्रिश्चन व्हेस यांच्या गटाने दाखवलं की हा एमसी४आर चेतापेशीच्या सिलियमवर बसलेला असतो. मघाशी ज्या अॅडेनिलिल सायक्लेज ३ ला मी हिरवा रंग देत होते, त्याच्याच शेजारी. लठ्ठ माणसांत सापडणाऱ्या एमसी४आरच्या काही बिघाडांत ग्राहक तयार होतो, पण सिलियमपर्यंत पोचतच नाही. त्याच वर्षी, अॅडेनिलिल सायक्लेज ३ चं जनुक बिघडलेली अतिलठ्ठ माणसंही वेगवेगळ्या देशांतून नोंदली गेली.

हे सगळं उंदरांत झालं. माणसांत असं होतं का?

होतं. त्या आजाराला नावही आहे: बार्डे-बीड्ल सिंड्रोम. जॉर्ज बार्डे यांनी १९२० मध्ये आणि आर्टुर बीड्ल यांनी १९२२ मध्ये त्याचं वर्णन केलं. लहानपणी सुरू होणारा लठ्ठपणा, न शमणारी भूक, हाताला किंवा पायाला जादा बोट, हळूहळू जाणारी दृष्टी आणि मूत्रपिंडाचे दोष. या गोष्टींचा एकमेकांशी संबंध काय, हे ऐंशी वर्षं कुणाला सांगता येत नव्हतं. २००३ नंतर उलगडत गेलं की या आजारात बिघडणारी जनुकं सिलियमच्या कारभाराशी जोडलेली आहेत. त्यातल्या आठ प्रथिनांचा एक संच बनतो, त्याला बीबीसोम म्हणतात. सिलियममध्ये काय ठेवायचं आणि काय बाहेर काढायचं, याची ने-आण तो करतो. डोळ्यातल्या प्रकाशग्राही पेशींचा बाहेरचा भाग हाही सिलियमचंच बदललेलं रूप आहे, म्हणून दृष्टी जाते.

आजार दुर्मीळ आहे. युरोप-अमेरिकेत साधारण लाख-दीड लाखांत एक. जिथे नात्यात लग्नं होतात किंवा लोकसंख्या लहान आणि एकाकी राहिलेली आहे तिथे प्रमाण वाढतं. न्यू फाउंडलंडमध्ये ते अठरा हजारांत एकाच्या आसपास आहे.

आमच्या मुलाला हा आजार आहे. आम्ही लहानपणी जास्त भरवलं म्हणून झालं का?

नाही. दोन्ही पालकांकडून बिघडलेल्या जनुकाची एकेक प्रत आली म्हणून झालं. पालक स्वतः निरोगी असतात, त्यांना आपण वाहक आहोत हे ठाऊकही नसतं. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्यात आजाराची शक्यता चारात एक असते.

एक आई मला सांगत होत्या की स्वयंपाकघराला कुलूप लावावं लागतं. सांगताना त्यांचा आवाज अगदी खाली गेला, जणू गुन्हा कबूल करताहेत. मुलाला वळण नाही, असं नातेवाइकांनी त्यांना वर्षानुवर्षं ऐकवलं होतं. त्या मुलाच्या मेंदूत 'पुरे' हा संदेश जायला हवा तसा जातच नाही. आपण पोटभर जेवून उठतो तेव्हा आपण संयम दाखवलेला नसतो, आपला संदेश पोचलेला असतो. कुलूप लावणं ही त्या घरात क्रूरता नाही. तो उपचाराचा भाग आहे आणि त्यात लाज वाटून घेण्यासारखं काही नाही.

मग साधा लठ्ठपणाही सिलियमच्या बिघाडामुळे येतो का?

बहुतेक माणसांत नाही. वजनातल्या फरकाचा ४० ते ७० टक्के भाग आनुवंशिक असतो, असं जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं. पण तो शेकडो जनुकांच्या छोट्या छोट्या वाट्यांतून येतो. एकाच जनुकामुळे येणाऱ्या लठ्ठपणात एमसी४आरचा बिघाड सगळ्यात जास्त आढळतो. लहान वयात सुरू झालेल्या तीव्र लठ्ठपणात तो सुमारे ५ टक्क्यांपर्यंत सापडतो. दुर्मीळ आजारातून सर्वांच्या भुकेची यंत्रणा समजते, यासाठी आम्ही तो अभ्यासतो. सगळ्यांना तोच आजार आहे, असा त्याचा अर्थ नव्हे.

वजन वाढल्याने मूत्रपिंड खराब होतं ते कसं?

माणसाच्या एका मूत्रपिंडात साधारण दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म गाळण्या, असतात. त्यांची संख्या जन्माआधीच ठरते, नंतर एकही नवा तयार होत नाही. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लीटर द्रव गाळतात आणि त्यातलं लीटर-दीड लीटर सोडून बाकी सगळं परत रक्तात घेतात. शरीर मोठं झालं की गाळायचं काम वाढतं, पण नेफ्रॉन तेवढेच. मग प्रत्येकाला जास्त गाळावं लागतं. गाळणीचा गुच्छ फुगतो. त्याला बाहेरून वेढणाऱ्या पोडोसाइट पेशी विभागू शकत नाहीत, त्या ताणल्या जातात आणि शेवटी सुटून पडतात. लघवीतून प्रथिन जायला लागतं ते इथून. रक्तदाब आणि मधुमेह सोबतीला असले की वेग वाढतो.

दिलासा एवढा की सुरुवातीच्या टप्प्यात वजन उतरवलं की लघवीतलं प्रथिन कमी होतं.

आमच्या वडिलांची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत आणि त्यांची तर भूकच मेली आहे. हे उलटं कसं?

यंत्रणा तीच आहे, फक्त उलट दिशेने बिघडलेली. लेप्टिन रक्तातून बाहेर काढायचं काम मूत्रपिंड करतं. ते थकलं की लेप्टिन साठत जातं, सोबत सूज वाढवणारे घटकही साठतात. 'पुरे' हा संदेश मग थांबतच नाही. २००५ मध्ये रॉबर्ट मॅक, डॅनियल मार्क्स आणि सहकाऱ्यांनी मूत्रपिंडाचा बहुतांश भाग काढलेल्या उंदरांत हे तपासलं. सामान्य उंदीर खाईनासे झाले आणि खंगले. एमसी४आर नसलेले उंदीर तेवढंच मूत्रपिंड गमावूनही खात राहिले आणि त्यांचं वजन टिकलं.

म्हणून वडिलांना 'मन घट्ट करा आणि चार घास जास्त खा' असं म्हणू नका. त्यांना खरंच भूक लागत नाही. डायलिसिस सुरू झाल्यावर तर वजन घटणं हीच काळजीची गोष्ट असते. किती प्रथिन आणि किती मीठ, हे मूत्रपिंडाच्या आजारांची जाण असलेल्या आहारतज्ज्ञाकडूनच ठरवून घ्या.

यावर औषधं आहेत का?

तीन वेगवेगळ्या वाटांची तीन सांगते.

सेटमेलॅनोटाइड थेट एमसी४आर चेतवतं. रोज टोचून घ्यावं लागतं. अमेरिकेत काही विशिष्ट जनुकीय लठ्ठपणासाठी २०२० मध्ये आणि बार्डे-बीड्लसाठी २०२२ मध्ये त्याला मान्यता मिळाली. त्याने भूक आवरते. डोळे किंवा मूत्रपिंड सुधारत नाही. त्वचा काळवंडते, कारण मेलॅनोकॉर्टिनचा दुसरा एक ग्राहक त्वचेचा रंग ठरवतो. पालक यामुळे घाबरतात, त्यांना हे आधीच सांगायला हवं.

सेमाग्लुटाइड आतड्यातल्या जीएलपी-१ या संप्रेरकाची नक्कल करतं. टाइप २ मधुमेह आणि मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्या ३,५३३ जणांवर झालेल्या 'फ्लो' चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. मूत्रपिंडाच्या मोठ्या दुर्घटना आणि मूत्रपिंड वा हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून धोका २४ टक्क्यांनी घटला. माझ्या मते या दशकातल्या महत्त्वाच्या चाचण्यांपैकी ती एक आहे.

टोलव्हॅप्टन पॉलिसिस्टिक किडनीत गाठींची वाढ मंदावतं. अमेरिकेत २०१८ पासून वापरात आहे. तहान आणि लघवी फार वाढते, आणि यकृतावर लक्ष ठेवावं लागतं.

पॉलिसिस्टिक किडनी असेल तर वजन कमी करून फायदा होतो का?

जादा वजन असलेल्या रुग्णांत मूत्रपिंडाचा आकार जास्त वेगाने वाढतो, असं मोठ्या पाहणीत दिसलं आहे, आणि उंदरांत अन्न थोडं कमी केलं तर गाठी मंदावतात. त्यामुळे वजन आटोक्यात ठेवावं. कडक उपास मात्र स्वतःच्या मनाने करू नयेत.

मुलाची जनुकीय चाचणी कधी करून घ्यावी?

जन्मवजन साधारण होतं, पण पहिल्या दोन-तीन वर्षांतच वजन झपाट्याने वाढलं आणि मूल अन्नासाठी कासावीस होतं, रात्री उठून शोधतं, तर बालरोगतज्ज्ञांशी बोला. सोबत सात-आठ वर्षांच्या सुमाराला अंधारात अडखळणं, खूप तहान आणि खूप लघवी, सोनोग्राफीत मूत्रपिंडाची वेगळी ठेवण, यातलं काही असेल तर थांबू नका. जादा बोटाबद्दल आवर्जून सांगा. पुष्कळदा ते तान्हेपणीच शस्त्रक्रियेने काढलेलं असतं आणि घरच्यांच्या लक्षातूनही गेलेलं असतं. करंगळीच्या कडेला एक बारीक पांढरा व्रण तेवढा उरतो.

चाचणीला रक्ताचा छोटा नमुना पुरतो. जाताना जन्मापासूनच्या वजन-उंचीच्या सगळ्या नोंदी सोबत न्या. वजनाची रेघ कोणत्या महिन्यात वर वळली, हे डॉक्टर त्या कागदावर सगळ्यात आधी बघतील.